विश्वासू माणसाचं शेत

सदर इसमाचे वय साठीच्या पुढे, बांधा सडपातळ, वर्तणूक चांगली. व्यवसाय : शेती, रासायनिक औषध-खताविना. हुद्दा : विभागीय सेंद्रिय शेतकरी गटाचे समन्वयक, दरवर्षी बिनविरोध. ओळखीची खूण : नखांतली माती; सभेला येतानाही निघत नाही. प्रचलित नाव : गांडूळमास्तर. शाळेत कधी शिकवलेले नाही. पदवी गांडुळांकडून मिळालेली. जनसंपर्क दांडगा.

हा शेवटचा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा.

या गटाची रीत अशी, की कोणाचं शेत विषमुक्त आहे हे बाहेरचा कोणी साहेब ठरवत नाही, शेतकरीच एकमेकांचं ठरवतात. वर्षातून एकदा तिघांनी चौथ्याच्या शेतावर जायचं. बांध चालून बघायचा, मूठभर माती उकरून हुंगायची, बी कुठून आणलं ते विचारायचं, खताच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालायचा. नाही पटलं तर भांडायचं, पटलं तर सही करायची. सही झाली की माल गटाच्या शिक्क्यानं विकता येतो. ही रीत मास्तरांनीच त्या भागात रुजवली. सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडेही लोक यायचे. एकदा शेणखत पुरतं कुजलंय की नाही यावर पडवीत असा वाद रंगला, की मास्तरांच्या बायकोनं शेवटी केरसुणी घेऊन पाहुण्यांच्या पायांखालून झाडायला सुरुवात केली, तेव्हा कुठे मंडळी उठली.

पुढे मास्तरांचं नाव झालं आणि लोकांचं येणं थांबलं. पाहणीचा हंगाम आला की गटाचा सचिव, जो मधमाश्या पाळतो आणि स्वतःही सतत गुणगुणत असतो, फोन करून विचारायचा, "मास्तर, तुमचं ठीकच असेल ना?" ठीक आहे म्हटलं की पाहणी संपली. गटाच्या अध्यक्षा म्हणजे पेरूवाल्या ताई. त्यांचं म्हणणं, हातच्या कांकणाला आरसा कशाला. मास्तरांच्या कागदावर सह्या मेळाव्यातच व्हायच्या, एकमेकांच्या पाठीचं टेबल करून. मास्तर मात्र सगळ्यांच्या बांधावर जात, सगळ्यांची माती हुंगत आणि संध्याकाळच्या आत परतत, कारण घरी वाट पाहणारं कोणी नसलं तरी कोंबड्या होत्या.

बायको गेल्यापासून घरात आवाज असा उरला नव्हता. भाजी न्यायला कुत्र्याचं भुंकणं झेलत टेम्पोवाला येई, पण तो इंजिन बंद करत नसे, आणि चालू इंजिनाशी माणूस किती बोलणार?

त्यात यंदा एक गोष्ट घडली. त्यांच्या शेताचा ओढ्याकडचा तुकडा खडकाळ होता. बायको त्याला 'तुमची दुसरी बायको' म्हणायची, कारण खर्च करूनही ती काही देत नसे. त्या तुकड्याची माती यंदा काळी झाली. भुसभुशीत, ओलसर, मुठीत धरली तर गोळा व्हावी आणि बोट लावलं तर सुटावी अशी. मास्तर दिवसातून तीन-तीनदा तिथे जाऊन बसायचे. हुंगायचे. आणि मग हात झटकून उठायचे, कारण अशी माती एकट्यानं हुंगण्यात काही अर्थ नसतो.

मुलगी शहरात राहते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, सरळ बोलवा ना लोकांना."

"काय म्हणून? माती बघायला या म्हणून?"

"हो, मग?"

"मग ते चांगली आहे म्हणतील आणि निघून जातील," मास्तर म्हणाले. "पाहुणा कधी मातीत हात घालतो का?"

तेव्हा मास्तरांनी आयुष्यातलं पहिलं खोटं ठरवून टाकलं. मेळावा नेहमीप्रमाणे धान्याच्या रिकाम्या गोदामात होता. भिंतीकडेला बियाण्यांची टेबलं, मध्ये सतरंज्या, कोपऱ्यात कुठलं विरजण खताला बरं यावर दोघांची जुंपलेली. मास्तर उभे राहिले. ओढ्याकडच्या बांधावर शेजारच्या फवारणीचे शिंतोडे आल्याची आपल्याला शंका आहे, तेव्हा गटानं रीतसर पाहणी करावी, एवढं बोलून ते बसले. डोळ्यांपुढे त्यांना पाहणीची मंडळी घेऊन आपल्या फाटकाशी थांबलेला टेम्पो दिसत होता, इंजिन बंद केलेला.

पेरूवाल्या ताईंनी चष्मा काढून पुसला.

"पाहणी कशाला?" त्या म्हणाल्या. "मास्तर शंका म्हणतात, म्हणजे शिंतोडे आलेच असणार. या माणसानं कधी खोटं सांगितलंय?"

सचिवानं ठराव मांडला, मास्तरांच्या शेताचा शिक्का काढून घेण्यात यावा. दुसरा ठराव त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदनाचा. दोन्ही टाळ्यांच्या गजरात मंजूर झाले, आणि टाळ्या पहिल्याला जास्त पडल्या की दुसऱ्याला हे सांगणं कठीण आहे. खोटं बोललो असं त्या क्षणी उठून सांगता आलं असतं. पण मग त्यांनी आजवर ज्या ज्या शेतावर सही केली होती, त्या प्रत्येक सहीकडे लोकांनी मान तिरकी करून पाहिलं असतं. मास्तर बसून राहिले. दोघांनी येऊन त्यांचा हात हातात घेतला. मातीबद्दल कोणी विचारलं नाही.

बातमी शेजाऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो कुंपणापलीकडे येऊन उभा राहिला.

"मास्तर, यंदा मी फवारलंच नाही. जमीन पडीक ठेवलीय. हे काय, समोर दिसतंय की."

खरोखरच दिसत होतं. कोणीही येऊन पाहिलं असतं तर दिसलं असतं.

"माझं चुकलं," मास्तर म्हणाले. "आत तरी या. बसा जरा."

"नको. मी काही तुमच्या गटातला नाही," असं म्हणून तो गेला.

मग भाजी बिनशिक्क्याची होऊन साध्या बाजारात जाऊ लागली, आणि एक दिवस ताईंचा फोन आला. शिक्का गेलेलं शेत नव्या सभासदाचं धरतात, आणि नव्या शेताची पहिली पाहणी समन्वयकानं करायची असते.

"दुसऱ्या कोणाला पाठवता नाही का येणार?" मास्तरांनी विचारलं. विचारताना आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"नियम तुम्हीच केलाय," ताई हसून म्हणाल्या. "आणि तुमच्याइतकं कडक कोण बघणार, मास्तर? उगाच दुसऱ्या कोणाला त्रास."

त्यानुसार ठरल्या दिवशी समन्वयकांनी सदर शेतास भेट दिली. बांध चालून पाहिला. ओढ्याकडची माती उकरून हुंगली व ती उत्तम असल्याचे नमूद केले. शेतकरी पूर्ण वेळ हजर होता व त्याने सहकार्य केले. पाहणी रीतसर पार पडली.

समन्वयक फाटकातून आत आले तेव्हा कुत्रा भुंकला नाही.