मामांच्या वांग्यांवरचे कामगार

आमच्या ह्यांच्या मामांइतका आठ पायांच्या कोळ्यांचा मान राखणारा माणूस अख्ख्या सुरतेत सापडायचा नाही. जावयाला 'बसा' म्हणायला ते एखादवेळी विसरतील, पण फाटकावरच्या जाळ्याला धक्का लागू नये म्हणून आल्यागेल्याला वाकून आत यायला लावतील. जन्म खानदेशातला, हयात कडोदऱ्याच्या पॉवरलूममध्ये गेली. काम सुटल्यावर गावाहून बी आणून त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत भरताची हिरवी वांगी लावली, आणि औषध मारायचं नाही असं ठरवून किडीवर 'माणसं' नेमली. फाटकावर गोल जाळं विणणारी कोळीण म्हणजे 'कारीगर'. पानापानांवर उड्या मारत देखरेख करणारा बारका कोळी म्हणजे 'मास्तर'. मावा नावाची बारीक कीड खाणारे ठिपकेवाले ढालकिडे दिवसपाळीला. "यांना चहा लागत नाही, आणि माझ्यासारखे विडी ओढायला बाहेरही जात नाहीत," असं मामा कौतुकाने सांगत. मला घर चकचकीत लागतं. दिवाळीच्या साफसफाईला मदत करायला गेले आणि सवयीने झाडू उचलला, तर मामा आडवे आले. "सूनबाई, कारीगर मशीनवर आहे. चालू मशीनवर झाडू मारतात का?"

थंडीत त्यांच्याकडे भरताचं जेवण असतं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, सगळी गल्ली जेवायला. यंदा मामांनी जाहीर केलं की बाजारातलं एकही वांगं आणायचं नाही, सगळी घरची, बिनऔषधाची. आमंत्रणं गेली आणि झाडांच्या पानांची चाळण व्हायला लागली. मामा म्हणत, "आपली माणसं कामावर आहेत, होईल ठीक." मामींनी मात्र शेजारून फवारणीचा पंप आणून ठेवला. "सकाय लोंग दखसू, मंग औषध मारसू," असा त्यांनी सकाळपर्यंतची मुदत देऊन दम दिला. औषध मारलं असतं, तर किडीबरोबर मामांची सगळी नोकरमंडळीही गेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा मामी पानं उलटून बघत होत्या. एकदम ओरडल्या, "आवं, हाऊ तुमनाच माणूस पाला खाई ऱ्हायना!" खरंच, पानाला चिकटलेला होता तो लाल, ठिपकेवालाच. पण शेजारच्या पानावर मावा खात बसलेला चकचकीत होता, अंगावर मोजके ठिपके. हा मळकट, लव असलेला, ठिपक्यांनी गच्च भरलेला. दोन जातींचे किडे, आणि मामा दोघांनाही सारखाच मान देत आले होते. त्यांनी ती दोन्ही पानं डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"सारखेच तर आहेत की," ते हळूच म्हणाले.

चालत्या मशीनवरचा तुटलेला एक धागा लांबून पकडणारा हा माणूस. मामींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पंप परत देऊन आल्या, आणि साबणाच्या पाण्याची बादली घेऊन मळकट किडे एकेक वेचायला बसल्या. रोज सकाळी तेच काम. चकचकीत असेल त्याला हात लावायचा नाही.

भरीत झालं. पानं चाळणीसारखी दिसत होती, पण वांगी टवटवीत होती. गल्लीतल्या लोकांनी बोटं चाटली, मामांनी सगळं श्रेय कारीगर आणि मास्तरला दिलं, आणि मामी भाकरी थापत राहिल्या.

आता मामा सकाळी चहा घेऊन खाटेवर बसतात आणि मामी वाफ्यातून फिरत हजेरी देतात.

"मास्तर?"

"शे."

"कारीगर?"

"शे, जागावरच शे."

गेल्या रविवारी मी सवयीने फाटकातून वाकून आत शिरले आणि सहज वर पाहिलं. जाळं नव्हतं. दोन खांबांमध्ये एकच धागा वाऱ्यावर हलत होता. मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा वांग्यांकडे वळवली.

"सूनबाई, वाकून आलीस ना?" खाटेवरून मामांनी विचारलं.

"हो मामा," मी म्हटलं, "अगदी वाकून."