ठकुबाईचं शेवयांचं पातेलं

आमच्या विंझरात कुणाच्या घरी माणूस गेलं, की तिथली चूल पेटत न्हाई. शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं. बाकीच्या बाया पिठलं-भाकरी नेतात, ठकुबाई शेवया नेते. उन्हाळ्यात पाटावर वळून खाटेवर वाळवलेल्या, घरच्या गव्हाच्या. त्या तिखट करायच्या, कांदा, बटाटा, शेंगदाण्याचं कूट घालून, मोठं पातेलं भरून. रडून घसा सुकला की भाकरी उतरत न्हाई, शेवई उतरते, असं तिचं म्हणणं. खरंय ते. माझा मालक गेला तवा म्या दुसरं काय खाल्लंच न्हाई.

हातानं सढळ, तोंडानं फटकळ. "चंद्रे, कांदा चिरतीस का त्याच्यावर सूड उगवतीस?" असं मला रोज ऐकवायची. आमची भिंतीला भिंत हाय, म्हणून सोसलं.

पण अलीकडं ती इसरायला लागली. दूध उतू जायचं, गॅस तसाच. एकदा तर घरात धूर कोंडला. तिचा ल्योक सोमनाथ पुण्यात कंपनीत हाय. तो बजावून गेला, "आये, आता एक जरी चूक झाली तर घराला कुलूप आन् तू माझ्यासंगं." म्हातारी मला म्हणाली, "चंद्रे, तिथं चौथ्या मजल्यावर म्या काय करू गं? कावळ्यांशी बोलू?" तवापासनं तिचा गॅस म्याच जाऊन बघायची, आन् सोमनाथचा फोन आला की सगळं झ्याक हाय म्हणून सांगायची.

मग कोंडिबा गेला. त्याची बायको फुलाबाई आन् ठकुबाई एकाच साली सुना होऊन गावात आल्या, जिवाभावाच्या. मातीला सोमनाथबी आला, राहिला. दुसऱ्या दिवशी ठकुबाईनं पातेलं चढवलं. मला आत येऊ दिलं न्हाई. "माझं काम म्या करते," म्हणाली. मला बरंच वाटलं, ल्योकाला दिसू दे म्हटलं.

फुलाबाईच्या पडवीत बाया बसलेल्या. सोमनाथनं पातेलं आणून ठेवलं. ठकुबाईनं झाकण काढलं आन् गुळाचा, वेलचीचा वास दरवळला.

गोड! दुखाच्या घरात, तेरावा व्हायच्या आधी! लग्नाला करतात तशा गुळाच्या शेवया, वर खोबरं पेरलेल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. एक पुटपुटली, "आगं बाई, काय हे!" ठकुबाई वाकून पातेल्यात बघायला लागली. सोमनाथ आयेकडं बघत राहिला.

तेवढ्यात फुलाबाई भिंतीचा टेकू सोडून पुढं सरकली. डोळे सुजलेले. म्हणाली, "कुणी काय बोलायचं न्हाई. ह्यांला गोडच आवडायचं. म्याच काल ठकीला सांगितलं, गुळाच्या कर म्हणून." आन् घास घेतला. कालचा नवऱ्याचा जाळ डोळ्यांपुढं, आन् बाई गोड घास गिळत होती. मग बाकीच्यांनीबी खाल्लं. सोमनाथनंबी घास घेतला. म्या मनात फुलाबाईच्या पाया पडले.

घरी आलो. सोमनाथ आत गेला, ठकुबाई उंबऱ्यातच बसली.

"चंद्रे, फुलीनं मला कवा सांगितलं गं?"

म्या गडबडले. "काल की. तू हो म्हणालीस."

"तू व्हतीस?"

"व्हय."

"मला वाटलं तिखटच करतेय म्या. म्हणजे ते इसरले, आन् तिनं सांगितलेलंबी इसरले?" ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

काय सांगावं? खरं सांगितलं तर तिनं इसरून दुखाच्या घरी गूळ नेला असं व्हतंय, खोटं ठेवलं तर जिवलगीचा शब्द ध्यानात न्हाई. आमी दोघी वाचवायला गेलो आन् तिला आणखी खोल ढकललं. लई राग आला मला, माझाच.

ती उठली, आतनं शेवयांचा पाट आणला आन् माझ्या मांडीवर ठेवला.

"फुलीकडं परवा तिखट घेऊन जा. मीठ बेतानं घाल. आन् गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेव, हाताशी ठेवू नको." मग आत वळून तिनं हाक मारली, "सोमा, माझी पिशवी भर."