पाय धुवायचं पाणी

कोणी सांगितलं नसताना, कसला धाक नसताना, तुम्ही शेवटचं कोणापुढे वाकलात?

मी समाजसुधारणेची पत्रकं वाचत वाढले. ती आणून द्यायचे आमचे शाळेतले गुरुजी. माणसानं माणसाच्या पाया पडू नये, हे त्यांच्याकडूनच शिकले आणि कडक पाळलं. लग्नाकार्यात नुसते हात जोडायची; मावश्या तोंड फिरवायच्या.

देवळीजवळ आमची भाजीची वाडी. अक्षय तृतीयेला आमच्याकडे बाहेरच्या एका माणसाला पित्तर म्हणून जेवायला बोलावतात. त्या दिवसापुरता तो आमचा गेलेला आजोबा. घरातल्या थोरल्या लेकरानं त्याचे पाय धुतले की मगच तो पाटावर बसतो. थोरली मी. नव्वदचं दशक संपत आलं होतं, माझी बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. नेहमीचे पाहुणे आजारी पडले आणि बाबांनी गुरुजींना बोलावलं.

मी सायकल काढून त्यांचं घर गाठलं. "गुरुजी, तुमी नाई म्हणा. तुमीच पाय धुऊन घेतले तं मी कोणाचं ऐकू?"

"तुह्या आज्याच्या बैलबंडीवर, वांग्याच्या टोपल्यांत बसून मी शाळा शिकलो. त्याच्या नावाचं जेवण हाये. नाई कसं म्हणू?" ते म्हणाले. "पाय धुवाचे का नाई, ते तू पाह्य."

वैशाखाच्या उन्हात ते चालत आले. बाबा तांब्या घेऊन दारात उभे. मी जागची हलले नाही.

"धू ना वं माय," बाबांनी तांब्या माझ्यापुढे धरला. "माहा बाप दारातून उपाशी जाईन."

"पोरीले धाक नोको देऊ," गुरुजी म्हणाले. "मी ओसरीतच चिंचवणी पेतो अन् जातो."

मी खाली पाहिलं. रबरी चप्पल, घोट्यापर्यंत धूळ. ह्याच पायांनी ते माझ्यासाठी पत्रकं घेऊन वाडीवर यायचे. मी बाबांच्या हातून तांब्या घेतला.

"पाया पडली समजू का?" बाबा खुलले.

"धुतले, बाबा. पडली नाई."

"एवढं बारीक तं मीबी शिकवलं नोतं!" गुरुजी पाटावर बसत हसले.

जेवून निघाले तेव्हा बाबा आत विडा आणायला गेले होते. मी वाकले. गुरुजींनी पाय मागे घेतले. "अवं, अन् तुही पत्रकं?"

"सांगितलं कोणी मले?"

सक्तीच्या नमस्काराविरुद्ध मी आजही लिहिते, पुढेही लिहीन. तुम्हाला मात्र एक मागते. तुम्हाला शिकवणारं कोणी अजून हयात असेल, तर येत्या अक्षय तृतीयेला त्यांना जेवायला बोलवा. आणि पाण्याचा तांब्या लेकरांच्या हाती देऊ नका. स्वतः घ्या.