शिडीचा हूक

मला मोटारसायकलची हौस कधीच नव्हती. हौस असती तर ती फिटल्याचं समाधान तरी पदरात पडलं असतं. शिक्षण सेवक म्हणून वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीच्या शाळेत मी रुजू झाले आणि कामथडीत खोली घेतली. मग कळलं, की नसरापूरहून वाडीच्या फाट्यापर्यंत एसटी तिच्या लहरीने जाते आणि पुढचा चढ आपल्या पायांनी चढायचा असतो. पहिल्या महिन्यात मी सहा वेळा उशिरा पोचले. मुलं पायरीवर बसून वाट बघायची आणि मी दिसले की "बाई आल्या, बाई आल्या" म्हणून ओरडायची. त्यांना गंमत वाटायची, मला लाज.

"बाई, गाडी घ्या," मुख्याध्यापक म्हणाले. "पण स्कूटीच्या नादी लागू नका, खडीवर तिची चाकं घसरतात. गिअरची हलकी गाडी बघा एखादी, जुनी चालेल."

फाट्यावरचा चहावाला मधेच बोलला, "बाईमानसाला गिअरची गाडी? जमंल का?"

गाडी घ्यायचं त्या क्षणी ठरलं. 'जमेल का' असं कुणी विचारलं की माझ्या अंगात येतं. या खोडीपायी आयुष्यात काही चांगल्या गोष्टी झाल्या आणि एक फार वाईट झाली.

गाडी होती एका निवृत्त वायरमनची. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना रस्त्याला लागूनच त्यांचं घर होतं. सगळे त्यांना आबा म्हणत. नोकरीची शेवटची बारा वर्षं त्यांनी याच गाडीवरून गावोगावच्या तारा जोडल्या होत्या. काळी, शंभर सीसीची, टाकीवर रेक्झिनचं कव्हर आणि डाव्या बाजूला शिडी अडकवायला वेल्डिंग करून घेतलेला लोखंडी हूक. त्या हुकामुळे ती लांबूनही ओळखू यायची. वादळवाऱ्यानंतर ती वस्तीत शिरली की बायका म्हणायच्या, "आली लाईट." आता मुलाने त्यांना नवी हलकी स्कूटर घेऊन दिली होती, म्हणून ही विकायची होती. निवृत्त झाले तरी आबा काही घरात बसणारे नव्हते. कुणाचा बोर्ड जळला, कुणाची विहिरीवरची मोटर चालू होईना, कुणी नुसतंच चहाला बोलावलं, की निघाले स्कूटरवरून.

त्यांनी माझ्याकडून इसार घेतला, पण किल्ली दिली नाही.

"चालवाया आल्याबिगर गाडी न्हाई मिळायची. पटत नसंल तर इसार परत न्या."

मला रागच आला. पैसे माझे, गाडी माझी, आणि हे कोण परीक्षा घेणारे? पण दर रविवारी मी त्यांच्या घरी जाऊ लागले. घरामागच्या पडीक रानात ते मला शिकवायचे. आबांच्या पत्नी, मावशी म्हणायचे मी त्यांना, मागच्या दारात बसून बघायच्या आणि मी गाडीसकट आडवी झाले की पदर तोंडाला लावून हसायच्या.

"बाई, क्लच हाय त्यो, इंगळी न्हाई. डसल्यागत सोडू नका. हळू सोडा." आणि दर वेळी एक वाक्य ठरलेलं: "जिकडं बघाल तिकडं गाडी जाती. खड्ड्याकडं बघू नका, वाटंकडं बघा."

एकदा मी त्यांना चिडून विचारलं, की एवढी कसली काळजी, पडले तर मी पडेन. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या कामातली रीत सांगितली. खांबावर माणूस चढवायच्या आधी लाईन बंद करून घ्यायची आणि तसं परमिट घ्यायचं. ते ज्याने घेतलं त्याच्यावर सगळी जबाबदारी. "वर काय बी झालं तर उत्तर खालच्यानं द्यायचं. वरचा चुकला का न्हाई, ते मागनं."

मी हसले होते. विजेच्या खांबाचा आणि माझ्या क्लचचा काय संबंध, असं मला वाटलं.

पाचव्या रविवारी माझा हात बऱ्यापैकी बसला. बारीक पाऊस होता. मी हट्ट धरला, की आज एकटीला रस्त्यावर जाऊ द्या. लायसन नव्हतंच, लर्निंगचा फॉर्म महिनाभर पर्समध्येच पडून होता. आबा नको म्हणत होते. मी त्यांना चिडवलं, "आबा, आज तेवढं परमिट द्या की मला." ते हसले आणि तिथंच फसले. आपला खाकी रेनकोट मला घालायला दिला, आपलं पांढरं हेल्मेट दिलं. "नसरापूर फाट्यापत्तुर जावा आणि माघारी फिरा."

फाट्यावर मी माघारी फिरले नाही. गाडी छान चालली होती, वारा तोंडावर येत होता, आणि मी शिवरे गावाच्या बाजूला कडेच्या रस्त्याने पुढे गेले. पुढे एक म्हातारी पाठमोरी चालली होती, उजव्या काखेत गवताचा भारा घेऊन. मला ती चांगली लांबून दिसली. भरपूर जागा होती. पण हिला लागू नये, हिला लागू नये, असं म्हणत मी तिच्याकडेच बघत राहिले आणि गाडी तिच्याकडेच गेली. शेवटच्या क्षणी मी हँडल वळवलं. मी सुटले, पण डाव्या बाजूचा हूक भाऱ्यात अडकला. म्हातारी गर्रकन फिरली आणि हातावर पडली.

आरशात मला दिसलं, ती चिखलात बसली होती आणि एक माणूस शेतातून धावत येत होता. मी थांबले नाही. पुढं जाऊन वळते, असं मी मनाशी म्हणाले. हे वाक्य मी खरंच म्हणाले होते, तेवढं मला आठवतं. मग लायसन आठवलं, पोलीस आठवले, अजून कायम न झालेली नोकरी आठवली, आणि मी लांबच्या वाटेने आबांच्या घरी परत आले. वर्गात मी रोज सांगत होते, की चूक झाली तर आपण होऊन हात वर करायचा.

आबा अंगणात उभेच होते. मी गाडी स्टँडला लावली. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकले आणि हुकात अडकलेल्या गवताच्या काड्या एकेक करून काढल्या.

"पडलात का?"

"नाही."

"मग बरं," ते म्हणाले, आणि काड्या म्हशीच्या गव्हाणीत टाकून आले. मी मावशींनी केलेला चहा प्यायले, आणि घरी गेले.

बुधवारी वडापच्या जीपमध्ये मला सगळं कळलं. माझ्या पुढच्या बाकावरचे दोघं बोलत होते. वायरमनने शिवऱ्याच्या म्हातारीला उडवलं म्हणे. मनगट मोडलं तिचं. थांबला पण नाही.

"गाडी वळाकली की लोकांनी. हूक हाय न्हवं त्यो. घरी गेल्ती समदी भांडाया, तर म्हनला, म्याच हुतो, डोळ्याला दिसलं न्हाई."

"एवढा देवमानूस, आन् पळून ग्येला?"

"वय झालं की असंच हुतंय."

 एक वाक्य बोलायचं होतं, तीन शब्दांचं: ती मी होते. मी मूग गिळून बसले आणि फाट्यावर उतरले.

रविवारी गेले तर अंगणात स्कूटर नव्हती. मोठ्या मुलाने किल्ली काढून घेतली होती. पोलिसांत गेलं असतं तर काय झालं असतं, आबा आता बास, असं म्हणून. मावशींनी माझ्यासमोर चहा ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी गाडी कोण घेऊन गेलं होतं, हे घरात त्या दोघांनाच माहीत होतं.

आबा मला मागच्या रानात घेऊन गेले. मी रडायला लागले, तर ते जरा चिडलेच.

"रडू नका. लोकं दारात आल्ती, त्वांडातनं निघून गेलं, म्याच म्हणून. आणि खोटं बी काय हाय? शिकाऊ मानसाला रस्त्यावर म्या सोडलं. परमिट माझं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण थांबाया पायजे हुतं, बाई. पाडलं त्याचं काय न्हाई, ते कुणाकडनं बी हुतंय. थांबाया पायजे हुतं."

मी म्हणाले, मी जाऊन सांगते. ते म्हणाले, आत्ता नको, तुमची ऑर्डर कायम होऊ द्या, मग वाटलं तर सांगा. "मला आता कोण नोकरीवरनं काढतंय? पण त्या म्हातारीला येकदा भेटा. तेवढं करा."

मी हो म्हणाले. मनातून मला किती हायसं वाटलं, हे सांगायची आजही लाज वाटते. उरलेली रक्कम दिली आणि गाडी घेऊन आले.

पुढे लायसन काढलं, गाडी माझ्या नावावर केली. वाडीचा चढ मी दुसऱ्या गिअरमध्ये सहज चढायला लागले. तो चहावाला आता मला "या बुलेटराणी" म्हणू लागला. त्याच पावसाळ्यात नसरापुरात एका वेल्डिंगवाल्याकडून मी तो हूक कापून घेतला. चोराच्या मनात चांदणं. आबांनी गाडी बघितली तेव्हा म्हणाले, "हूक काढला व्हय? बरं झालं. वढणी आडकायची त्यात." त्यांना टोचून बोलता येत असतं तर मला सोपं गेलं असतं.

रोज जाता-येता त्यांचं घर लागायचं. आबा ओट्यावर बसलेले असायचे. दोन तालुके पालथे घालणारा माणूस सकाळी ओट्याच्या या टोकाला आणि उन्हं फिरली की त्या टोकाला. कुणी बोलवायला आलं तर मुलं सांगायची, आबांना आता नेऊ नका, दिसत नाही त्यांना. मग लोक यायचेही बंद झाले. सुरुवातीला मी थांबायचे. मग मावशी चहा विचारीनाशा झाल्या, आणि मी नुसता हॉर्न वाजवून पुढे जायला लागले. आबा हात वर करायचे. मला वाटायचं, एवढं बास आहे.

म्हातारीकडे मी गेले नाही. या रविवारी जाऊ, दिवाळीला जाऊ, परीक्षा झाल्या की जाऊ. शिवऱ्याचा तो रस्ताच मी टाळत होते.

तीन वर्षं पूर्ण झाली, कायमची ऑर्डर हातात पडली. आता माझ्याकडे एकही सबब उरली नव्हती. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी पेढे घेतले आणि विचारत विचारत शिवऱ्यात त्या आजींच्या घरी गेले. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. डावा हात मनगटात अजून वाकडा होता.

"आजी, तुम्हाला गाडीनं पाडलं ना, ती मी होते."

"मला वायरमननं पाडलं."

"नाही. त्यांचा रेनकोट माझ्या अंगात होता. मी शिकत होते. मी पळून गेले."

आजींनी सूप खाली ठेवलं.

"त्यो रोज यष्टीनं येऊन माझ्या म्हशीला गवत कापून द्यायचा. पलिस्तर निघंपत्तुर. वाकाया यायचं न्हाई, बसून कापायचा. आन् म्या त्याला काय काय बोलले, गावाफुडं! खाली मान घालून ऐकायचा." त्यांनी पेढ्याचा पुडा माझ्याकडे सरकवला. "मंग यक दिवस म्हनलं, जा बाबा, सोडलं तुला. आता तुला काय दिऊ, बाई? शिव्या बी त्यालाच दिल्या आन् माफी बी त्यालाच दिली. हितं कशाला आलीस? त्याच्या पोरांफुडं जाऊन सांग."

गेले. अंगणात उभं राहूनच सांगितलं. दोन्ही मुलं घरी होती, आबा ओट्यावर होते. मोठ्या मुलाने आईकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "व्हय. ह्याच हुत्या." त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं, तीन वर्षांत पहिल्यांदा.

मुलगा उठला. आत गेला, स्कूटरची किल्ली घेऊन आला आणि आबांच्या हातात ठेवली. आबांनी ती बोटांनी चाचपली, दात्यांवरून अंगठा फिरवला आणि परत त्याच्यापुढे धरली. तो होता डावीकडे, किल्ली धरली उजवीकडे.

"आता काय करू हिचं? आता खरंच दिसत न्हाई."

"कधीपासून, आबा?" मी विचारलं.

"झालं की दीड वरीस. दिसत न्हाई असं समदी आधीच म्हणत हुती, मग घरात निराळं काय सांगू?"

"मग मी जाताना तुम्ही हात वर करता तो?"

"हारन ऐकू येतो न्हवं. बाई येळेवर चालल्या म्हणून कळतं. वाजवत जात जा."

मी अजूनही वाजवते. ते हात करतात, माझ्या थोडं मागे, जिथून मी पुढे गेलेली असते तिथे. पहिलं दीड वर्ष त्यांना चांगलं दिसत होतं. ते दीड वर्ष त्यांनी त्या ओट्यावर बसून काढलं, आणि मी रोज दोनदा त्यांच्याच गाडीवरून त्यांच्या समोरून गेले.