अठ्ठावीसची कंबर

माझ्या सासूबाई काडीपैलवान. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कपडे अल्टर करायचं दुकान आहे आणि गळ्यात कायम टेप. माणूस दारात आला की त्या आधी त्याची कंबर बघतात, चेहरा नंतर. स्वतःची कंबर अठ्ठावीस, लग्नापासून तेवढीच, हे त्या अनोळखी गिऱ्हाइकालाही सांगतात. सासरे मात्र ऐसपैस. त्यांच्या पँटी दर वर्षी उसवून सैल कराव्या लागतात.

तरी मधुमेह झाला तो सासूबाईंनाच. साखर त्यांनी अशी सोडली की घरातल्या सगळ्यांचीच तोंडं कडू झाली. गाडं अडलं ते कोलेस्टेरॉलच्या गोळीपाशी. उतारवयात साखर आहे म्हणजे हृदयाला धोका आहेच, बारीक असा नाहीतर जाड, गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यावर सासूबाईंनी तिथल्या तिथे कमरेला टेप लावून दाखवला. एवढ्याशा जागेत चरबी राहणार कुठे, असा त्यांचा सवाल. मी शरमेने छताकडे बघत बसले.

घरी मी रोज विचारायचे, गोळी घेतली का? त्या रिकामी स्ट्रिप माझ्या नाकासमोर नाचवायच्या. गोळ्या वेळच्या वेळी संपत होत्या. म्हटलं, चला, देव पावला.

पण पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल जैसे थे. डॉक्टरीणबाई माझ्याकडेच संशयाने बघायला लागल्या, जणू मीच सासूबाईंना रोज तळलेलं खायला घालते. इकडे सासऱ्यांनी हौसेने रक्त तपासून घेतलं, तर त्यांचा रिपोर्ट असा की नजर लागावी. पावावर बोटभर लोणी थापून खाणारा माणूस तो रिपोर्ट घेऊन शेजारीपाजारी फिरला. माझं डोकंच फिरलं.

मग एका दुपारी मशीनवर बसल्या बसल्या सासूबाईंना दरदरून घाम फुटला, धाप लागली. छातीत तर दुखत नाहीय, पित्त असेल, असं म्हणत त्या शिलाई पुरी करायला निघाल्या. मी हाताला धरून उठवलं आणि गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. हृदयविकाराचा झटका होता. मधुमेह असला की तो छातीत न दुखताही येऊ शकतो, हे मला तिथे कळलं. गोळ्या घेत होतात ना, असं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा विचारल्यावर सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"यांना देत होते," त्या म्हणाल्या. "ताकदीची गोळी म्हणून. यांची कंबर चव्वेचाळीस झालीय. दर वर्षी पँट मीच उसवते. यांना काही झालं असतं तर?"

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. सासरे बाकावर बसून होते.

सासऱ्यांना स्वतःची गोळी हवी की नको, ते तपासून ठरवू, असं बजावून डॉक्टरीणबाईंनी काही दिवसांनी सासूबाईंना घरी सोडलं. पहिल्याच रात्री मी सासूबाईंच्या हातात गोळी दिली आणि पाणी आणायला वळले. परत येऊन बघते तर सासूबाईंनी गोळीचे दोन तुकडे केलेले, एक नवऱ्यापुढे धरलेला. मी कपाळावर हात मारला.

सासऱ्यांनी तो तुकडा उचलून त्यांच्याच तळहातावर परत ठेवला.

"तुझ्या वाटणीचं आयुष्य मला नको," ते म्हणाले. "गिळ."

सासूबाईंनी दोन्ही तुकडे मुकाट्याने गिळले.