हरकत नसल्यास

आमच्या खात्यातून निवृत्त झालेल्यांची एक मेलिंग लिस्ट आहे. एका पत्त्यावर मेल टाकला की तो सगळ्यांना जातो. कोणी उत्तर दिलं तर तेही सगळ्यांना. ती सुरू केली साहेबांनी, सांभाळतो मी. सांभाळायचं म्हणजे वारलेल्यांचे पत्ते काढून टाकायचे.

साहेब मेलही परिपत्रकासारखे लिहीत. शेवटी ठरलेली ओळ : 'हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावे, अन्यथा मान्य समजण्यात येईल.' आमचं खातं या ओळीवरच चाललं. कोणी वाचलं नाही तरी ते मान्यच व्हायचं.

यंदा हिवाळ्यात साहेब कायमचे मुलीकडे कॅनडाला निघाले. घर विकून झालं होतं. जाण्याआधी सगळ्यांना एकदा बघायचं, म्हणून गंगापूर रोडला हॉल घेतला आणि जेवणाचं आमंत्रण लिस्टवर टाकलं. खाली तीच ओळ.

उत्तर एकही आलं नाही. साहेब खूश. "बघ, एकाचीही हरकत नाही."

मी मनमाडच्या आमच्या जुन्या हेडक्लार्कला फोन लावला. तो म्हणाला, "मेल? अरे, पासवर्ड नातवाला ठाऊक होता, तो गेला पुण्याला. ग्रुपवर टाक की!" ग्रुप म्हणजे व्हॉट्सॲप. साहेब तिथे नव्हते. गुलाबाच्या चित्रासकट येणारं सुप्रभात त्यांना हुद्द्याला शोभणारं वाटत नसे.

"साहेब, ग्रुपवर टाकतो, नाहीतर सगळ्यांना फोन करतो," मी म्हटलं.

"नको. ग्रुपवर आमंत्रण शोभत नाही, आणि फोन म्हणजे आग्रह. बळेच बसवलेल्यांच्या सभा जन्मभर घेतल्या. आता ज्याला यायचं तो येईल."

जेवणाच्या दिवशी दुपारी हॉलवर खुर्च्या मांडलेल्या, आणि आम्ही दोघं. आचाऱ्यानं दोनदा डोकावून पाहिलं. "काका, मंडळी कुठवर आली? पुऱ्या तळायला घेऊ?"

"घ्या," साहेब म्हणाले.

आम्ही दोघंच जेवलो. हात धुऊन आल्यावर साहेब म्हणाले, "इतिवृत्त टाक लिस्टवर. सभा खेळीमेळीत पार पडली."

"आणि उपस्थिती?"

"ती लिहायची आपल्याकडे पद्धत नव्हती."

मी तसंच लिहिलं. खाली ती ओळही घातली.

निघायच्या दिवशी विमानतळावरून त्यांचा फोन आला. "आलं का कोणाचं काही?"

"नाही, साहेब."

मागे कुठल्याशा विमानाची घोषणा चालली होती.

"मान्य," म्हणाले, आणि फोन ठेवला.