सातवीण आणि दत्तूचा दगड

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. नात म्हणाली, "आबा, दत्तूतात्या गेलं." मी राहिलेला गाल पुरा केला, मगच उठलो. लोकांनी त्याचंही बोलणं केलं. करू देत. दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो न्हवतो, आणि ते चुकलं असं अजून मला वाटत न्हाय.

आमच्या चंदगडाकडं आषाढातल्या अमावास्येला उपाशीपोटी सातविणीच्या सालीचा रस पितात. पावसाळाभर ताप येत न्हाय म्हणतात. साल काढायची ती उजाडताना, दगडानं ठेचून. लोखंड लावायचं न्हाय. आणि फक्त उगवतीच्या अंगाची, तळहाताएवढीच. झाड माझ्या बांधावरचं, हात दत्तूचा. चाळीस वर्षं त्यानं गावाला रस पाजला. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचा, "पी गप, पैलवान! तुझ्या जिभेपेक्षा गोड हाय."

मग एका सकाळी बघतो तर झाड हात पोचेल तिथवर चौफेर सोललेलं. कोयत्याचे घाव. दत्तू धावत आला. माझ्याबरोबर बुंध्याला शेणमाती लिंपली, चोराच्या सात पिढ्या काढल्या. मला रडू आलं तर पाठीवरनं हात फिरवला... तो हात!

महिन्याभरानं चष्म्यासाठी कोल्हापुरात गेलतो. शाहूपुरीत एका जडीबुटीच्या दुकानात सालीचं पोतं दिसलं. पोत्याला लाल दोऱ्याचं ठिगळ, माझ्या मंडळीचा टाका. त्याच पोत्यातनं मी दत्तूला शेंगा दिल्या होत्या.

तसाच त्याच्या दारात गेलो. म्हणाला, "व्यापारी मागंच लागला रं. साल काय, परत येती की."

"साल नेलीस ते सोड. शेण लिंपाय कशाला आलास?"

मी तसाच माघारी फिरलो. साल परत आली न्हाय. झाड वाळलं.

यंदा तो तापानं पडला तेव्हा निरोप आला, आबाच्या हातची साल पायजे म्हणतोय. मी उलट सांगून धाडलं, झाडच न्हाय तर साल कुठली? चार दिवसांनी तो फोन.

दिवसकार्याला गेलो तर वहिनीनं त्याचा दगड माझ्या हातात ठेवला. "तुम्हालाच द्या म्हणालं." बाकी काही सांगितलं का, मी विचारलं न्हाय.

दगड कोनाड्यात ठेवलाय. माफ केलं असं मी लिहिणार न्हाय. एका बाजूला सालीचा चीक वाळून काळा झालाय, आणि त्याचा अंगठा टेकायचा तेवढी जागा गुळगुळीत हाय. माझा अंगठा तिथं बसत न्हाय... रोज बसवून बघतो.